गाऱ्हाण्याला नाव लागतं

माझं काम बसून करायचं होतं आणि ते कानांनी करायचं होतं. रत्नागिरीच्या बाहेर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या त्या उघड्या माळावर, मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने फळं डबाबंद करण्याचा कारखाना काढला तेव्हा मी तिथे टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. हे ऐंशी सालानंतरचे दिवस. आता तो बोर्ड गेला. ज्याला हवं तो आपल्या टेबलावरून मुंबईला फोन फिरवतो. मला टाइम ऑफिसात बसवलंय, तिथे मी माणसांच्या येण्याजाण्याच्या याद्या ठेवते. याद्या मला आवडतात.

या अंकाच्या संपादकांनी विचारलं की तुम्ही एवढी वर्षं मोठ्या कंपनीत आहात, तर मोठ्या कंपन्या दुष्ट असतात का, यावर अनुभव लिहाल का? मी सवयीप्रमाणे कागदाच्या मध्ये रेघ मारली. डाव्या बाजूला पटापट भरलं : पगार कधी उशिरा झाला नाही, बाळंतपणाची रजा न मागता मिळाली, आजूबाजूच्या शाळांना छपराचे पत्रे दिले, सीझनला शंभरेक बायांना सावलीत बसून काम मिळालं, आठवड्यातून एकदा डॉक्टर. उजव्या बाजूला एकच गोष्ट लिहिली. पाणी. आणि मग या दोन बाजूंची बेरीज-वजाबाकी काही मला जमेना. म्हणून जे घडलं तेच सांगते.

आधी बोर्डाबद्दल, कारण हल्लीच्या मुलांना तो ठाऊक नाही. उभ्या कपाटासारखा बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, प्रत्येक भोक म्हणजे एकेकाचं टेबल. समोर दोऱ्यांच्या जोड्या. दिवा लागला की एक दोरी बोलावणाऱ्याच्या भोकात खुपसायची, विचारायचं कोण पाहिजे, आणि जोडीची दुसरी दोरी त्या माणसाच्या भोकात. मुंबईला बोलायचं तर गावातल्या एक्स्चेंजला ट्रंक कॉल नोंदवायचा आणि वाट बघायची. साधा कॉल सकाळी नोंदवला तर जेवणानंतर लागे. अर्जंट थोडा आधी. लायटनिंग लगेच लागे, पण फार महाग, तो फक्त मोठ्या साहेबांनी मागायचा.

ऑपरेटरचे नियम मी पहिल्याच आठवड्यात स्वतःसाठी लिहून काढले होते. कमी बोलायचं. ऐकलेलं बोर्डाबाहेर न्यायचं नाही. आणि बोलणाऱ्या दोघांच्या मध्ये उभं राहायचं नाही. तिसरा नियम सगळ्यात अवघड. आमचे पॅकिंगचे सुपरवायझर साळवी एका कानाने कमी ऐकत. खेडहून त्यांच्या बायकोचा फोन आला की ते मला म्हणायचे, "बाई, तुम्ही ऐका आणि मला मोठ्याने सांगा."

"त्या म्हणतात, येताना ब्लाउजपीस आणा."

"कसला रंग?"

"रंग दुकानदाराला विचारा, तुम्ही निवडू नका, असं म्हणतात. मागचा एका धुण्यात उतरला."

"हे ती म्हणते की तुम्ही म्हणताय?"

मुंबईच्या हेड ऑफिसच्या बोर्डावर हिल्डा होती. आम्ही दोघी एकमेकींना पाहिलेलं नाही, आजवर नाही. पण तिला सर्दी झाली की मला आधी कळायचं. "ऐक ना," हे तिचं पहिलं वाक्य. "ऐक ना, तुझे देवधरसाहेब एक वाक्य बोलतात तेवढ्यात माझा चहा निवतो."

देवधरसाहेब आमचे कारखान्याचे मॅनेजर. सांगलीकडचे, उंच, सावकाश बोलणारे. कोकण त्यांना नवीन होतं. पहिल्या पावसाळ्यात त्यांचे बूट केबिनमध्ये बुरसले तेव्हा ते मला म्हणाले होते, "बाई, इथे माणसाला बुरशी येत नाही हे नशीब."

आता पाण्याचं.

आंब्याचा सीझन म्हणजे चैत्रापासून मृगापर्यंत. कोयी, साली, यंत्रं धुतलेलं सोड्याचं पाणी, हे सगळं रोज कुठेतरी जायला हवं. त्यासाठी कारखान्याच्या मागे सड्यावर एक मोठा तलाव खणला होता. घाण खाली बसेल, पाणी उन्हाने उडेल, असा हिशोब. नकाशा मुंबईहून आलेला. तो मूळ घाटावरच्या एका कारखान्यासाठी काढलेला, तिथे काळी चिकण माती. तिथे तो उत्तम चालत होता. आमच्याकडे जांभा. रत्नागिरीत कोणालाही विचारा, जांभा दिसायला खडक आणि आतून चाळण. त्या चाळणीतून झिरपतं म्हणून तर आमच्या विहिरींना पाणी असतं. आमच्या ओव्हरसियरने तसं कळवलंही होतं. उत्तर आलं की नकाशा सर्व कारखान्यांसाठी मंजूर आहे. उत्तर पाठवणाऱ्याने खोटं काही लिहिलं नव्हतं.

सड्याच्या उतारावर खाली एक वाडी आहे. नाव देत नाही. माझी इंदूमावशी तिथे दिलेली. घरं थोडी, बरेचसे पुरुष मुंबईला, शेती पावसाची. पावसाळा सोडला तर पिण्याचं पाणी एकाच झऱ्याचं. पूर्वजांनी त्याला चिऱ्यांचं कुंड बांधलेलं. कारखान्याच्या पहिल्याच सीझनला मावशी घाटीची उभी पायवाट चढून आमच्या गेटवर आली. मी बाहेर गेले.

"तुज्या कंपनीच्या पाण्याला आंब्याचा वास येतो गो," ती म्हणाली.

"माझी कंपनी कुठली, मावशी? मी बोर्डावर बसते."

"पगार घेतंस ना? मंग तुजीच. पोरांची पोटं बिघडलीत. चल, तुज्या साहेबाला सांग."

मी सांगितलं. देवधरसाहेब त्याच दुपारी खाली उतरले. कुंडाशी उकिडवे बसले, ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला, आणि परत आले. दुसऱ्या दिवसापासून कारखान्याचा ट्रॅक्टर टँकर घेऊन वाडीत जायला लागला. महिनाभरात पोरं बरी झाली. वाडीतल्या बायका टँकरच्या ड्रायव्हरला फणसाचे गरे द्यायच्या. "कंपनी देवमाणूस हाय," असं मावशी मला स्वतः म्हणाली. त्या वर्षी कोणी मला विचारलं असतं तर मी रेघेची उजवी बाजू कोरीच ठेवली असती.

मृग लागला, आंबा संपला, यंत्रांना ग्रीस लावून झाकून ठेवलं, सीझनच्या बाया घरी गेल्या. टँकरचा ड्रायव्हरही सीझनचाच होता. त्याचंही कार्ड बंद झालं. पाऊस चालू होता, पऱ्ह्यांना, म्हणजे ओढ्यांना, पाणी होतं, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. दिवाळीनंतर पऱ्हे आटले. माघात वाडी पुन्हा कुंडावर आली. तलाव पावसाने तुडुंब भरला होता आणि हळूहळू खाली उतरत होता. कुंडातल्या पाण्यावर आता तपकिरी फेस होता. टँकर नव्हता.

टँकर कोणी बंद केला? हे मी एवढ्या जणांना विचारलंय की मला पाठ आहे. सांगते. देवधरसाहेबांनी पहिल्या वर्षी टँकर मंजूर करून घेतला तेव्हा मुंबईने तो सीझनच्या खर्चात टाकला. सीझन चैत्रात सुरू होतो. माघात सीझन नाही, म्हणून टँकर नाही. तो बंद करावा असं कोणाच्याही मनात आलं नव्हतं. आणि तो चालू ठेवावा असंही कोणाच्या मनात आलं नव्हतं.

देवधरसाहेब रोज मुंबईला फोन लावायला सांगू लागले. खर्चाचं बघणारे म्हणाले, आमचा विरोध नाही, इंजिनिअरिंगने शिफारस करावी. इंजिनिअरिंग म्हणालं, तलाव नकाशाप्रमाणे आहे, त्यात दोष नाही, मग शिफारस कशाची करायची? पाण्याचं उत्पादन विभागाला विचारा. उत्पादन विभाग म्हणाला, आत्ता उत्पादन बंद आहे. सगळे नम्र. एकही माणूस फोनवर आवाज चढवून बोलला नाही. मी दोऱ्या बदलत होते आणि ऐकत होते.

मग हिल्डा आणि मी आपसात शोध सुरू केला. लाइन मोकळी मिळाली की ती विचारायची, "आज कोणाचं टेबल बघू?" मी यादीतलं पुढचं नाव सांगायची. ती चौकशी करून यायची.

"ऐक ना, तो नकाशावाला सापडला."

"कोण?"

"रिटायर झाला. दादरला असतो. म्हणे फार चांगला ड्राफ्ट्समन. त्याने काळ्या मातीसाठी काढलेला, ग. जांभा त्याने जन्मात नाही बघितला."

"आणि सगळ्या कारखान्यांना तोच लावा, हे कोणी ठरवलं?"

"कमिटी होती म्हणे."

"कमिटीत कोण?"

"ते कोणालाच आठवत नाही."

मग एकदा सगळ्यात वरच्या साहेबांनीच देवधरांसाठी कॉल मागितला. लायटनिंग. देवधरसाहेब शेडमध्ये होते, येईपर्यंत दोन मिनिटं तरी जाणार. हिल्डा हळूच म्हणाली, "लाइनवर आहेत. तुझं तू बघ." मी माझा तिसरा नियम मोडला. म्हटलं, "सर, मी ऑपरेटर बोलतेय. इथल्या वाडीच्या पिण्याच्या पाण्यात आपल्या कारखान्याचं पाणी उतरतंय. टँकर बंद आहे. बायका दुसऱ्या वाडीच्या विहिरीवरून घाटी चढून पाणी आणतायत. तिथेही त्यांना दुपारनंतरच भरू देतात."

पलीकडे वयस्कर, मऊ आवाज. रागावले नाहीत. दोन प्रश्न विचारले, नीट विचारले. म्हणाले, "हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आजच संबंधितांना लिहितो. थँक यू." मी इतकी खूष झाले की साळवींना दोनदा चुकीच्या टेबलाला जोडलं.

त्यांनी खरंच लिहिलं. त्यांचा कागद संबंधितांकडे गेला, तिथून त्यांच्या संबंधितांकडे, आणि पंधरवड्याने पोस्टाने आमच्याकडे, देवधरसाहेबांच्याच टेबलावर आला : या प्रकरणी आपला अहवाल पाठवावा. साहेबांनी तो मला वाचून दाखवला आणि टेबलावर पालथा ठेवला.

त्या रविवारी मावशीने निरोप धाडला. मी गेले तर खळ्यात, म्हणजे अंगणात, शिवरामदादा बसलेले, वाडीचे गावकार, आणि त्यांच्या शेजारी देवळाचा धोंडू गुरव. चहा झाला. मग शिवरामदादांनी विषय काढला. शिमग्याच्या आधी देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरलं होतं.

घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे गावात कोणावर अन्याय झाला आणि माणसांकडून काही होईना, तर तो देवापुढे बोलून ठेवतात. गुरव बोलतो, गाव होकार देतो. ज्याने वाईट केलं त्याचं नाव घ्यावं लागतं. नाव घातलं की ते निस्तरण्याचं काम त्या माणसाकडे, आणि झालं नाही तर त्याला लागतं, असा विश्वास. म्हणून नाव उगाच कोणाचं घालत नाहीत. खोटं घातलं तर घालणाऱ्यावर उलटतं.

"नाव दे बाय," धोंडू गुरव म्हणाला.

"कंपनीचं घाला की."

"कंपनीला आई कोण? बाप कोण? खयच्या गावची? देवानं धरायचा कुणाला?" तो चिडला नव्हता, अडचण सांगत होता. "देवाकडं कोणीतरी म्हणून चालत नाय."

शिवरामदादा म्हणाले, "सगळी बोलतात ती तुज्या दोरीतनं बोलतात. टँकर कुणी बंद केला, तेवढा सांग."

"कोणीच नाही केला, दादा."

"कोणीच नाय केला, तर येत का नाय?"

मी त्यांना सगळं सांगितलं, नकाशावाला, कमिटी, सीझनचा खर्च, वरचे साहेब. ते तिघं लक्ष देऊन ऐकत होते. संपल्यावर धोंडू म्हणाला, "म्हंजे माणसं सगळी बरी हायत."

"बरी आहेत."

"मंग ही बाधा म्हणायची. पण बाधेला पण जागा असते, ह्या वडाची, त्या पऱ्ह्याची. तिला कोंबड्याची राखण देता येते, हद्द घालता येते. हिची जागा खय?"

मावशी इतका वेळ तांदूळ निवडत होती. ती सूप न थांबवता म्हणाली, "माणूस दुष्ट असता ना गो, तर बरं होतं. त्याच्या दारात जाऊन बसलो असतो. शिव्या घातल्या असत्या. हिच्या दारात कोण? पहारेकरी. तो आपल्या पांडूचा जावई."

मला संपादकांचा प्रश्न तेव्हा कोणी विचारला असता तर मी मावशीकडे बोट दाखवलं असतं. दुष्ट म्हणायला आत कोणीतरी राहत असावं लागतं. मी त्या मोठ्या घराच्या सगळ्या खोल्यांत हाक मारून आले होते. सगळीकडून ओ मिळाली. आणि तरी ज्याने ते केलं, तो कुठल्याच खोलीत नव्हता. आमच्या वाडीच्या दृष्टीने हे दुष्ट माणसापेक्षा अवघड होतं. दुष्ट माणूस निदान कधीतरी झोपतो, म्हातारा होतो, त्याची बायको त्याला चार शब्द सुनावते.

"आठ दिवसांत नाव दे," शिवरामदादा उठताना म्हणाले. "नायतर तुज्या साहेबाचं घालू. दुसरा आमाला ठाऊक नाय."

ते मला नको होतं. टँकर आणणारा एकच माणूस, आणि त्याचंच नाव? पण वाडीला न सांगता गप्प बसणं जसं जमेना तसं साहेबांना न सांगताही. सोमवारी मी केबिनचं दार ठोठावलं आणि सगळं सांगितलं. गाऱ्हाणं म्हणजे काय तेही. ते आधी हसले. मग चष्मा काढून पुसायला लागले.

"ज्याचं नाव घालतात त्याचं काय होतं?"

"काय होतं ते देवाला ठाऊक, साहेब. पण सगळ्या गावाला कळतं की हे काम आता याच्याकडे आहे."

"म्हणजे फाइल त्याच्या टेबलावर."

"हो. पण ही पुढे सरकवता येत नाही."

ते खिडकीशी जाऊन मागच्या तलावाकडे बघायला लागले. "आमच्याकडे अशी पद्धत असती तर बरं झालं असतं," म्हणाले. आमच्याकडे म्हणजे सांगलीकडे की कंपनीत, ते मी विचारलं नाही. मग म्हणाले, "माझं द्या."

"साहेब, ते गंमत म्हणून नसतं."

"मी गंमत करत नाही. कोणाचं तरी असायला हवं ना? संपूर्ण नाव सांगा त्यांना. वडिलांचंसुद्धा."

गाऱ्हाण्याच्या सकाळी मी मावशीबरोबर देवळात गेले. वाडी सगळी आली होती, मुंबईहून दोघं-तिघं रजा काढून. धोंडू गुरवाने नारळ ठेवला आणि तेवढ्यात देवधरसाहेब घाटी उतरताना दिसले. जीप वर रस्त्यावर ठेवून चालत आले होते. चपला बाहेर काढून सगळ्यांच्या मागे उभे राहिले. कोणालाही हे अपेक्षित नव्हतं. ज्याचं नाव घालायचं तो कधी येत नाही. धोंडू क्षणभर अडखळला. शिवरामदादा हळू म्हणाले, "तू बोल."

"बा देवा म्हाराजा," धोंडूने सुरुवात केली. "आज ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी जमली हायत. ह्यांच्या वाडवडलांनी बांधलेलं कुंड नासलं. पोरंबाळं आजारी पडली. बाया दुसऱ्याच्या विहिरीवर उभ्या ऱ्हायल्या. तर ह्या कंपनीचा जो कोण..." इथे त्याने साहेबांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव स्पष्ट घेतलं. "...त्याच्या डोक्यावर हे काम हाय म्हाराजा. ते त्याच्याकडनं करून घे."

"होय म्हाराजा," वाडी म्हणाली.

मी साहेबांकडे बघितलं नाही. नंतर मावशीने सांगितलं की "होय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत तेही होते. त्यांना वाटलं असेल, सगळ्यांनी म्हणायचं असतं.

संपल्यावर धोंडू त्यांच्यापाशी गेला. "साहेब, तुमी सोताहून आलात, म्हणून इचारतो. कधी?"

"उद्या," देवधरसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टँकर गेला. शिवाय तलावातलं पाणी पंपाने उपसून सड्याच्या दुसऱ्या, वस्ती नसलेल्या उतारावर सोडायला घेतलं आणि गवंडी लावून तळाला, बाजूंना सिमेंटचा जाड गिलावा सुरू केला. यातल्या कशालाही मुंबईची मंजुरी नव्हती. आठवड्याच्या आत फोन आला. मी जोडला. ऐकायचं नव्हतं, पण त्या काळात लाइन अशी असे की मध्येच तुटायची, म्हणून ऑपरेटरला कान ठेवावाच लागे.

"हे काम कोणाच्या अधिकारात चालू आहे?"

"माझ्या."

"तुम्हाला तो अधिकार नाही, मिस्टर देवधर."

"नाही. पण नाव माझं घातलंय."

"कुठे घातलंय?"

साहेब म्हणाले, "ते ट्रंक कॉलवर समजावता येणार नाही."

सीझन त्या वर्षी थोडा उशिरा सुरू झाला. गिलावा सुकायला हवा होता. आंबा वाया गेला नाही. पुढचा पावसाळा जाऊन झरा स्वच्छ व्हायला दिवाळी उजाडली. मावशीने पहिली कळशी भरली आणि मला निरोप दिला की वास गेला. मी खाली जाऊन स्वतः प्यायले. झऱ्याच्या पाण्याला काही चव नसते, याही पाण्याला नव्हती.

त्यानंतर साहेबांची बदली झाली. शिक्षा म्हणून नव्हे. मी हिल्डाला मुद्दाम विचारलं. "रागाने नाही ग," ती म्हणाली. "एकाच जागी इतकी वर्षं झाली की नाव आपोआप यादीत येतं. बढतीवर गेले." उत्तरेतल्या कुठल्याशा कारखान्यात गेले. जाताना बोर्डापाशी येऊन म्हणाले, "बाई, तुमचे साळवी सांभाळा."

पुढल्या वर्षी मुंबईहून कंपनीची एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका आली. त्यात एक पान आमचं होतं. कुंडावर कळशा घेतलेल्या बायका, त्यात पदर नीट करणारी मावशी. खाली लिहिलं होतं की कंपनीने परिसरातील ग्रामस्थांसाठी शुद्ध पाण्याची सोय केली. नव्या मॅनेजरसाहेबांनी ते पान चौकटीत बसवून माझ्या बोर्डाच्या वर लावलं. त्यात खोटं काही नव्हतं. पाणी नासलं तेव्हा मी आणि हिल्डाने एवढ्या टेबलांवर शोधूनही जी सापडली नव्हती, ती कंपनी आता फोटोखाली हजर होती. मला राग आला असं म्हणवत नाही. राग धरायलाही समोर कोणीतरी लागतं. मी त्या चौकटीवरची धूळ रोज पुसत होते, कारण बोर्डाच्या आसपासची धूळ पुसणं माझं काम होतं.

मग एका दुपारी धोंडू गुरव घाटी चढून गेटवर आला. त्याला एकच काळजी होती. काम झालं की घातलेलं नाव देवापुढून उतरवावं लागतं. नाहीतर ते त्या माणसाला लागत राहतं. बदलीच्या धांदलीत ते राहून गेलं होतं.

"बरा माणूस," धोंडू म्हणाला. "त्याला कशाला लागू दे? पण त्याला इचारल्याबिगर उतरवता येत नाय. तू त्याला तुज्या दोरीतनं गाठ."

मी कॉल नोंदवला. माझ्या पगारातून, कंपनीच्या नव्हे. दोन वेळा तुटला, तिसऱ्यांदा लागला. मध्ये इतकी एक्स्चेंजेस होती की त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. मी आधी पाण्याचं सांगितलं, ते त्यांनी दोनदा विचारलं. मग नाव उतरवायचं सांगितलं.

ते त्यांच्या सवयीप्रमाणे थांबले. इतका वेळ, की मला वाटलं लाइन गेली.

"साहेब, आहात का?"

"आहे," ते म्हणाले. "बाई, ती पुस्तिका इथेही आली. मी शोधलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी केलेल्या कुठल्याही कामावर माझं नाव नाही. ते एवढ्याच एका ठिकाणी आहे. राहू द्या. उतरवू नका."

मी धोंडूला गेटवर जाऊन तसंच्या तसं सांगितलं. त्याने पागोटं काढून डोकं खाजवलं. असा माणूस त्याच्या अनुभवात नव्हता.

"मंग राहूं दे," तो शेवटी म्हणाला. "पण तसंच ठेवता येणार नाय. दरसाल त्याच्या नावानं एक नारळ द्यावा लागेल, त्याला बरा ठेव म्हणून."

"तो मी देईन," मी म्हटलं.

"तू कशाला? वाडी देईल," धोंडू म्हणाला, आणि घाटी उतरायला लागला.